दिवसभर उपाशी, रात्री अनावर: सरकारी नोकरी, खाणं आणि नैराश्य

टपालखिडकी
नमस्कार मंडळी. हा धागा काढू की नको, यात दोन महिने गेले. आज लिहितेच.

सरकारी नोकरीत १९ वर्षं झाली. पहिली ७ लोकांसमोरच्या खिडकीवर, मग आस्थापना शाखेत. गेली ३ वर्षं आस्थापनेसोबत आणखी एका टेबलाचा अतिरिक्त कार्यभार आहे. त्या टेबलाचे गृहस्थ निवृत्त झाले आणि जागा भरलीच नाही.

सकाळी काही न खाता निघते. डबा नेते, पण तो उघडायला जावं तर कुणीतरी कागद घेऊन उभं असतं, नाहीतर साहेबांचं बोलावणं येतं. चार वाजेपर्यंत भूक मरून जाते आणि डबा तसाच घरी येतो. रात्री सगळ्यांबरोबर दोन घास खाते. सगळे झोपले की स्वयंपाकघरात जाते. दिवा लावत नाही. उभ्या उभ्या खाते. भूक नसते, चवही कळत नाही, हाताला येईल ते जातं. पोट दुखायला लागलं की भान येतं. मग झाकणं आवाज न करता लावायची, रिकामी पाकिटं कचऱ्याच्या तळाशी ढकलायची आणि पहाटेपर्यंत स्वतःची किळस करत पडून राहायचं. सकाळी ठरवायचं, आज काहीच खायचं नाही.

गेल्या वर्षी नैराश्याचं निदान झालं, गोळ्या चालू आहेत. डॉक्टरांनी नऊ प्रश्नांची प्रश्नावली भरून घेतली होती. पाचवा प्रश्न 'भूक कमी लागणं किंवा जास्त खाणं' असा होता. मी 'जवळजवळ रोज' वर खूण केली. त्यांनी बेरीज पाहिली, त्या खुणेबद्दल विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

विचारायचं हे की आधी काय असतं, नैराश्य की हे खाणं? आणि सरकारी नोकरीतल्या आणखी कुणाचं असं होतं का?

एक विनंती. वजनाचे आकडे, कॅलरी, 'हे खाऊ नका' च्या याद्या इथे नकोत. माझ्यासारख्या माणसाला त्याने त्रासच होतो.

सहीशिक्का
'दिवा लावत नाही' इथे थांबलो. मी पुरुष आहे, वय ४६, लेखा शाखेत. मला वाटत होतं हे फक्त मीच करतो. सविस्तर नंतर लिहीन, आज जमणार नाही.

कोरापान
वाचतेय. टपालखिडकी, लिहिलंत ते फार बरं केलंत.

रांगेतला
मनापासून विचारतो, राग मानू नका. मी खाजगी कंपनीत आहे, ताण आम्हालाही आहे. उलट आमची नोकरी उद्याही जाऊ शकते, तुमची पक्की असते. मग सरकारी नोकरीचा वेगळा धागा का? दुसरं असं की रात्री उठून खाणं ही सवय म्हणायची की आजार? मनावर ताबा ठेवला तर सुटणार नाही का? आणि खरं सांगायचं तर जेवणाच्या सुट्टीसाठी बंद असलेल्या खिडकीसमोर मीही तासभर उभा राहिलो आहे.

फाईलवाली
रांगेतला, त्या तासाबद्दलच बोलू. माझ्या खिडकीवर दीड वाजता पाटी लावली की काचेपलीकडून आवाज यायचा, 'बसल्या खायला!' मराठीत 'खाणं' या शब्दाला सरकारी माणसाच्या बाबतीत आणखी एक अर्थ आहे, तो सगळ्यांना ठाऊक आहे. 'अजून किती खाणार?' हे मी रोज ऐकलंय. मी आयुष्यात कुणाचा एक पैसा घेतला नाही. पण ऐकून ऐकून लोकांसमोर घास तोंडात घालायची लाज वाटायला लागली. आधी खुर्ची फिरवून खायचे, मग रेकॉर्ड रूममध्ये, मग बंदच केलं. लपून खाण्याची सुरुवात माझ्यापुरती तिथे झाली. रात्रीचं नंतर आलं.

टपालखिडकी
फाईलवाली, हे मला शब्दांत मांडता येत नव्हतं.

मनोमन
मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करते. इथे कुणाचं निदान करणार नाही, ते समोर बसूनच होतं. पण सवय की आजार, याचं उत्तर देता येतं.

अनावर खाण्याचे झटके १९५९ मध्ये अल्बर्ट स्टंकार्ड यांनी वैद्यकीय लेखनात नोंदवले. त्याआधी १९५५ मध्ये त्यांनीच रात्रीच्या खाण्याचा प्रकार वेगळा मांडला होता, ज्यात सकाळी भूक नसते, दिवसाचं बरंचसं खाणं रात्री होतं आणि झोप मोडते. दोन्ही प्रकार एकाच माणसात सापडू शकतात. अनावर खाण्याला स्वतंत्र आजार म्हणून अमेरिकन मनोविकार संघटनेच्या वर्गीकरणात २०१३ साली जागा मिळाली. तिथला निकष असा: सरासरी आठवड्यातून एकदा तरी, तीन महिने, थोड्या वेळात खूप खाणं आणि त्या वेळी आपल्याला थांबता येत नाही ही भावना. सोबत भूक नसताना खाणं, लाजेने एकट्याने खाणं, नंतर किळस किंवा अपराधी वाटणं. थांबता न येणं हा आजाराचाच भाग आहे, त्यामुळे 'ताबा ठेवा' हा सल्ला तापलेल्या माणसाला 'अंग गार ठेवा' म्हणण्यासारखा होतो.

आता आधी काय? दोन्हीकडून वाट आहे. नैराश्यात भूक मरते किंवा वाढते, तो निदानाच्या निकषांपैकीच एक आहे. पण उलटी वाट लोकांना माहीत नसते. १९४४ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी एक प्रयोग सुरू केला. तब्येतीने आणि मनाने धडधाकट म्हणून निवडलेले ३६ तरुण, सगळे स्वयंसेवक. त्यांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. युद्धानंतर उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा खाऊ कसं घालायचं हे शोधायचं होतं. त्या तरुणांचं झालं काय? चिडचिड, उदासी, माणसं नकोशी होणं. दिवसभर अन्नाचाच विचार. काही जण पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे. पुढे पोटभर मिळू लागल्यावर काहींना खाणं थांबवताच येईना, पोट फुगलं तरी भूक भागत नव्हती. ही माणसं आधी आजारी नव्हती, फक्त उपाशी होती.

तेव्हा टपालखिडकी, तुमच्या वर्णनात रात्रीच्या आधीचा दिवस मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

रांगेतला
मनोमन, हे माहीत नव्हतं. फाईलवाली, 'बसल्या खायला' असं मी म्हटलं नसेल, पण मनात नक्की आलेलं आहे. पहिल्या प्रश्नावर मात्र अजून अडलोय. सरकारीच का?

गणवेश
सांगतो. मी गणवेशाच्या नोकरीत आहे, कुठली ते राहू दे. आमच्याकडे शारीरिक चाचणी आणि वजनकाटा असतो. काट्यावर उभं राहायचं तेही सगळ्यांच्या रांगेत, मागचा आकडा मोठ्याने सांगतो. चाचणीच्या आधी तीन आठवडे अर्धी पलटण उपाशी. चाचणी झाली की त्या रात्रीपासून सुटते. पहिली काही वर्षं मजा वाटायची. पुढे मी उलटी काढायला लागलो. दातांच्या डॉक्टरने विचारलं, पित्त होतं का? हो म्हणालो. गाल सुजायचे, लोक म्हणायचे तब्येत सुधारली.

त्यात पाळ्या. रात्रपाळीला शरीराला झोप हवी असते आणि आपण जागं राहायला खातो. सुट्टीच्या दिवशी घरात कुणाशी बोलावंसं वाटत नाही. मुलगी शेजारी येऊन बसली तरी वाटायचं उठून जावी. एकदा हत्यार जमा करताना मनात जे आलं ते इथे लिहीत नाही. त्या रात्री मित्राला फोन केला, तो आला आणि थेट दवाखान्यात घेऊन गेला. आज उपचार चालू आहेत, बरा आहे. पण कुणालाही तसा विचार आला तर सकाळची वाट बघू नका. कुणाला तरी उठवा.

टपालखिडकी
गणवेश दादा, तुमच्या मित्राला माझा नमस्कार सांगा.

आकडेमोड
रांगेतला यांचा प्रश्न योग्य आहे. सरकारी नोकरांचा फार मोठा अभ्यास खरंच झालेला आहे. ब्रिटनमध्ये १९६७ साली लंडनच्या सरकारी कचेऱ्यांतल्या १७ हजारांहून जास्त पुरुषांना घेऊन पहिला व्हाइटहॉल अभ्यास सुरू झाला. १९८५ मध्ये दुसरा, त्यात १०,३०८ स्त्री-पुरुष. मायकल मार्मट हे त्यातलं प्रमुख नाव. नोकरी सगळ्यांची पक्की, छप्पर सगळ्यांवर, तरी जितकी श्रेणी खालची तितकं हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण जास्त, आणि हे पायरीपायरीने. एक मोठं कारण निघालं ते कामावरचा ताबा. काम कधी, कसं, किती करायचं हे ज्याच्या हातात नाही त्याची तब्येत लवकर ढासळते. मनाचंही तसंच.

खाण्याशी थेट जोडलेली गोष्ट २००६ मधली आहे. याच दुसऱ्या अभ्यासात कामाचा ताण आणि वजन यांचा संबंध पाहिला. पुरुषांमध्ये आढळलं की जे आधीच बारीक होते ते ताणाखाली आणखी बारीक झाले आणि जे जाड होते ते आणखी वाढले. ताण एकच, दिशा दोन.

पण यातून 'सरकारी नोकरीने खाण्याचे विकार होतात' असं सिद्ध होत नाही. वजन वेगळं, विकार वेगळा. धाग्यात तसा अर्थ निघू नये म्हणून लिहिलं.

पाणवठा
बारीक होणाऱ्यांतली मी. माझ्यावर खात्याची चौकशी लागली होती, दुसऱ्याच्या सहीचं प्रकरण. १४ महिन्यांनी निर्दोष सुटले. त्या काळात अन्न घशाखाली उतरत नव्हतं. कार्यालयात सगळे म्हणायचे, 'छान बारीक झालीस, काय करतेस?' एकदा नाही, रोज. बायका येऊन विचारायच्या. मनातून मी संपत चालले होते आणि बाहेर कौतुक चाललं होतं. चौकशी संपली, पण न खाणं संपेना, कारण आयुष्यात तेवढी एकच गोष्ट माझ्या हुकमात राहिली होती. आकडेमोड म्हणतात तो ताबा मी ताटावर मिळवला.

आजार बाहेरून दिसत नाही असं म्हणतात. माझा दिसत होता, लोकांना आवडत होता.

जावईशोध
पाणवठा यांचं वाचून एक सुचवतो. कार्यालयात एकमेकांच्या अंगावर बोलणं बंद करावं, चांगलं असो की वाईट.

करडीफाईल
असहमत. इतकं जपून बोलायचं तर माणसं बोलणंच सोडतील. आपुलकीनेच विचारतात ना?

पाणवठा
आपुलकीने 'बरी आहेस ना?' असं एकाही व्यक्तीने विचारलं नाही, करडीफाईल. 'काय करतेस?' विचारलं.

करडीफाईल
खरं आहे. मागे घेतो.

खुर्चीमागे
मी अधिकारी आहे, माझ्या हाताखाली ३० माणसं. हा धागा वाचून काल नोंदवही काढली. गेल्या महिन्यात मी घेतलेल्या बैठकांपैकी निम्म्या दुपारी एक ते दोनमध्ये. कारण त्याच वेळेत मी मोकळा असतो. टपालखिडकी लिहितात ते 'साहेबांचं बोलावणं' म्हणजे मी. माझ्या मनात वाईट काही नव्हतं, पण तीस डबे माझ्यामुळे थांबले असणार. आजपासून त्या तासात बैठक नाही. खिडकीवर दोन माणसं पाळीने बसतील, म्हणजे ती बंदही राहणार नाही. मंजूर पदं रिकामी आहेत ती भरणं माझ्या हातात नाही, त्याचा पाठपुरावा मात्र करतो.

रांगेतला
हे आवडलं. खिडकी उघडी आणि माणूसही जेवलेला.

अवांतरवाला
थोडं अवांतर. उपाहारगृह असलेल्या आणि नसलेल्या कचेरीत काम केलंय. जिथे होतं तिथे निदान एकत्र बसून खायचो. नव्या इमारतीत ती जागा संगणक कक्षाला गेली. तेव्हापासून प्रत्येक जण आपल्या टेबलावर, पडद्याकडे बघत. कोण जेवलं, कोण नाही, कुणाला कळत नाही.

सहीशिक्का
लिहीन म्हणालो होतो. माझी अडचण वेगळीच आहे. मी डॉक्टरकडे गेलोच नाही. वैद्यकीय बिल मंजुरीला माझ्याच शाखेत येणार. माझ्याच शेजारचा माणूस ते उघडणार, त्यावर निदान लिहिलेलं असणार. पुढच्या वर्षी पदोन्नती आहे. गोपनीय अहवाल लिहिणाऱ्याच्या कानावर 'याचं मानसिक काहीतरी चालू आहे' असं गेलं तर? म्हणून गप्प. सहा वर्षं झाली. बायकोलाही अर्धवट सांगितलंय.

गणवेश
सहीशिक्का, आमच्याकडे ही भीती दुप्पट आहे. मी पहिले चार महिने स्वतःच्या खिशातून उपचार घेतले, बिल लावलंच नाही. ते परवडलं म्हणून. नंतर वरिष्ठांना सांगितलं. काही दिवस हत्याराच्या कामावरून हटवलं, तेव्हा अपमान वाटला. आज वाटतं बरं झालं.

फाईलवाली
मी सांगितलं आणि पस्तावले, तेही लिहिते. माझ्या त्यावेळच्या वरिष्ठांनी दुसऱ्याच दिवशी सगळ्यांसमोर 'त्यांना जपा, त्यांची तब्येत नाजूक आहे' असं जाहीर केलं. मदत डॉक्टरकडे मागा. कार्यालयात कुणाला सांगायचं ते माणूस पाहून, आणि जेवढं लागेल तेवढंच. 'औषधोपचार चालू आहेत, महिन्यातून अर्धा दिवस लागेल' एवढं पुरतं.

खुर्चीमागे
फाईलवाली बरोबर. मला अधिकारी म्हणून आजाराचं नाव कळण्याची गरज नसते. किती वेळ लागेल आणि कुठलं काम सध्या नको, एवढं कळलं की पुरे.

उंबरठा
मी सरकारी नोकरीत नाही, माझे मिस्टर आहेत. रात्री खाण्याचा त्यांना त्रास होता. मी काय केलं, तर कपाटाला कुलूप लावलं. काळजीपोटीच लावलं. त्यांनी मग कार्यालयातून येताना बाहेर खायला सुरुवात केली, आणि माझ्याशी बोलणं कमी केलं. कुलूप काढलं त्या दिवशी ते रडले. आता मी एकच करते. रात्री उठलेले कळले तर मीही उठते, शेजारी बसते. काय खाताय, किती खाताय, बघत नाही. कधी बोलतात, कधी नाही.

सहीशिक्का
उंबरठा, हे आज रात्री बायकोला वाचायला देणार आहे.

मनोमन
दोन कामाच्या गोष्टी सांगायच्या राहिल्या.

पहिली औषधांची. नैराश्यासाठी गोळ्या घेताना खाण्याबद्दल डॉक्टरांना सांगणं नुसतं मन मोकळं करण्यासाठी नसतं. नैराश्याच्या काही गोळ्यांनी भूक वाढते. फ्लुओक्सेटिन या नैराश्याच्या गोळीचा उपयोग बुलिमियातही, म्हणजे अनावर खाऊन मग उलटी वगैरे करून ते बाहेर काढण्याच्या आजारातही होतो. उलट बुप्रोपिऑन हे नैराश्याचंच औषध, ज्यांना बुलिमिया किंवा अॅनोरेक्सिया (वजन वाढण्याच्या भीतीने खाणं फार कमी करण्याचा आजार) आहे किंवा होता त्यांना देत नाहीत, कारण फिट (आकडी) येण्याचा धोका वाढतो. अर्धी गोष्ट ऐकून डॉक्टर अर्धाच विचार करू शकतात. मनाने गोळी बदलू किंवा थांबवू मात्र नका. गणवेश यांच्यासारखा उलट्यांचा त्रास असेल तर रक्तातलं पोटॅशियम तपासून घ्यावं लागतं, ते घसरलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. छातीत धडधड, चक्कर, हातापायात गोळे आले तर त्याच दिवशी दाखवा.

दुसरी गोष्ट उपचारांची. खाण्याच्या विकारांसाठी जी बोलण्याची उपचारपद्धत वापरतात, तिच्या सुरुवातीलाच नियमित खाणं येतं. तीन वेळचं जेवण, मध्ये दोन-तीनदा थोडं काही, आणि जागेपणी चार तासांहून मोठा खंड नाही. आदल्या रात्री कितीही खाल्लं असलं तरी सकाळचं चुकवायचं नाही. सगळ्यांना हेच अवघड वाटतं, कारण मन म्हणतं काल एवढं खाल्लं, आज भरपाई कर. ती भरपाईच पुढची रात्र घडवते. पाणवठा यांच्यासारखं बराच काळ फार कमी खाणं झालेलं असेल तर मात्र खाणं डॉक्टरांच्या देखरेखीतच वाढवायचं, एकदम नाही.

आकडेमोड
म्हणजे टपालखिडकींना रात्र नाही, दुपार सांभाळायची आहे.

मनोमन
सुरुवात तिथून. पण उदासीचे उपचारही बरोबरीने. जेवण वेळेवर झालं म्हणून नैराश्य पळून जाईल असं कुणी समजू नये.

टपालखिडकी
तीन आठवड्यांनी येतेय. सगळे प्रतिसाद वाचले, काही पुन्हा पुन्हा.

डॉक्टरांकडे जाऊन आले. बोलता येणार नाही असं वाटलं म्हणून पहिल्या पोस्टमधला डब्याचा आणि रात्रीचा परिच्छेद कागदावर उतरवून दिला. त्यांनी दोनदा वाचला. म्हणाले, 'पाचव्या प्रश्नावर मी थांबायला हवं होतं.' गोळी तीच ठेवली आहे, सोबत एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलंय, दोन बैठका झाल्या.

आधी काय, ते त्यांच्याशी बोलताना मागे मागे गेले. नैराश्य गेल्या वर्षीचं नाही, वडील गेले तेव्हाचं आहे, खिडकीवर असतानाचं. तेव्हा रजा चार दिवसच मिळाली आणि पाचव्या दिवशी मी पाटी काढून बसले. रात्रीचं खाणं मात्र दुसरं टेबल आलं त्या महिन्यापासून. त्या दोघांमध्ये वर्षानुवर्षांचा न उघडलेला डबा आहे. म्हणजे माझ्या बाबतीत उदासी आधी, मग उपाशी राहणं, मग अनावर खाणं, आणि खाण्याच्या लाजेने पुन्हा उदासी. दुसऱ्या कुणाचा क्रम वेगळा असेल.

दुसऱ्या टेबलाबद्दल लेखी अर्ज दिलाय, उत्तर नाही. डबा दीड वाजता उघडते. पहिल्या आठवड्यात हात थरथरत होते, कुणी बघतंय असं वाटायचं. शेजारच्या टेबलावरच्या मावशी आता आपला डबा घेऊन माझ्याकडे येतात, मी काही सांगितलेलं नाही. मंगळवारी रात्री पुन्हा झालं. बुधवारी सकाळी खाऊन निघाले, ते सगळ्यात कठीण गेलं.

कोरापान
सकाळी खाऊन निघालात ना, बास.

गणवेश
ताई, मंगळवारचं बाईंना सांगा, लपवू नका. मी तीन वेळा लपवलं आणि तीन महिने वाया घालवले.

टपालखिडकी
सांगते दादा. शुक्रवारी बैठक आहे.

सहीशिक्का
माझी पहिली वेळ गुरुवारी दुपारची मिळाली आहे. अर्ध्या दिवसाची रजा टाकली, कारणात 'वैद्यकीय' एवढंच लिहिलं. बायको सोबत येतेय. आल्यावर इथे लिहितो.